सरकार पैसे देत होतं तरी उपटल्या नाहीत: बरोसाच्या जुन्या वेलींचं प्रकरण

1985 साली साउथ ऑस्ट्रेलियात द्राक्षवाल्या शेतकऱ्यांसाठी एक सरकारी योजना निघाली. व्हाइन पुल स्कीम. बागेतल्या वेली मुळासकट काढा आणि हेक्टरमागे पैसे घ्या, इतकं सरळ. केंद्राने आणि राज्याने मिळून पैसे घातले होते आणि साधारण 1987 पर्यंत हे चाललं. आपल्याला ऐकायला विचित्र वाटतं कारण आपल्याकडे अनुदान बाग लावायला मिळतं, काढायला नाही, पण तिथे तेव्हा द्राक्षं इतकी उदंड झाली होती आणि रेड वाइनला गिऱ्हाईक इतकं कमी होतं की सरकारला हाच मार्ग त्यातल्या त्यात बरा वाटला. यात शिराज, ग्रेनाश आणि मातारो या काळ्या जातींच्या वेली भरपूर गेल्या, आणि अ‍ॅडलेडच्या ईशान्येला गाडीने तासाभरावर असलेल्या बरोसा व्हॅलीत तर अशा वेली होत्या ज्या शंभर वर्षांच्या पुढे गेलेल्या होत्या.

आज त्याच बरोसात जुन्या वेलींची वाइन म्हटलं की किंमत दुप्पट-तिप्पट होते, लेबलवर लागवडीचं साल मोठ्या अक्षरात छापतात, जगभरातून लोक ती खोडं बघायला येतात. म्हणजे जी वस्तू सरकारने पैसे देऊन काढून टाकायला लावली तीच वीसेक वर्षांत त्या भागाची ओळख झाली. हे प्रकरण मला त्यासाठीच मांडायचंय. जुन्या वेलींच्या वाइनबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात माती, मुळं आणि आजोबांची पुण्याई एवढंच असतं, पण त्या वेली आज जमिनीवर उभ्या आहेत याचं कारण मातीपेक्षा जास्त हे आहे की ऐन मंदीत कोणीतरी त्यांची द्राक्षं विकत घेतली.

आधी वेली एवढ्या जुन्या झाल्या कशा ते बघू.

1830 च्या दशकात प्रशियाच्या राजाने आपल्या राज्यातली प्रोटेस्टंट चर्चं एकत्र करून एकच उपासनापद्धत लादली आणि सायलेशिया वगैरे भागातल्या जुन्या वळणाच्या लुथरन लोकांना ते मान्य नव्हतं, म्हणून पाद्री ऑगस्ट कावेलच्या मागे पहिले जथे 1838 ला साउथ ऑस्ट्रेलियात उतरले. जॉर्ज फाइफ अँगस नावाच्या इंग्रज धनिकाने पैसा लावला होता. 1842 ला बरोसात बेथनी गाव वसलं, मग लँगमाइल, मग बाकीची. ही मंडळी मुळात मिश्र शेती करणारी. गहू, गाई, डुकरं, फळझाडं आणि बाजूला थोडी द्राक्षं. लँगमाइलला ख्रिश्चन आउरिख्ट नावाच्या लोहाराने 1843 ला लावलेला शिराजचा तुकडा अजून फळ देतो. टर्की फ्लॅटची शिराज 1847 ची आहे, रोलंड फ्लॅटला 1853 ची मातारो आहे, आणि शेजारच्या ईडन व्हॅलीत हेन्श्की घराण्याची हिल ऑफ ग्रेस नावाची बाग 1860 च्या आसपासची.

या कुटुंबांनी जमीन सोडली नाही हे महत्त्वाचं. पाच-पाच सहा-सहा पिढ्या त्याच शेतावर, तेच चर्च, तीच दफनभूमी. पहिल्या महायुद्धात जर्मन नावं सरकारने पुसून काढली, लँगमाइलचं बिल्यारा झालं, कायझरश्टूल डोंगराचं माउंट किचनर झालं, तरी माणसं तिथेच राहिली. आणि शेतकरी कुटुंबाचं असतं ना, आजोबांनी लावलेलं आहे, फळ देतंय, काढायचं कशाला. काही विशेष प्रेमबीम नाही, सवय.

दुसरं कारण कीड. फायलोक्झेरा म्हणजे मुळांवर जगणारी माव्याच्या जातीतली बारीक कीड, 1860 च्या दशकात तिने फ्रान्स धुवून काढायला सुरुवात केली आणि नंतर जवळपास सगळ्या युरोपला अमेरिकन खुंटावर कलम करून नव्याने लागवड करावी लागली. ऑस्ट्रेलियात ती 1877 ला व्हिक्टोरिया राज्यात जिलाँगजवळ सापडली आणि तिथे बागाच्या बागा गेल्या. साउथ ऑस्ट्रेलियाने मात्र 1899 ला कायदाच केला, बाहेरून काडी आणायची नाही, माल आणायचा नाही, आणि ते इतकं कडक पाळलं की ती कीड आजपर्यंत राज्यात शिरलेली नाही. त्यामुळे बरोसातल्या जुन्या वेली स्वतःच्याच मुळांवर आहेत, खाली खुंट नाही. युरोपातल्या ज्या बागांतून या काड्या आणल्या त्या मूळ बागा मरून गेल्या आणि इथे त्यांची लेकरं जिवंत, त्यामुळे जगातल्या सगळ्यात जुन्या शिराज वेलींपैकी बऱ्याचशा फ्रान्समध्ये नाहीत, बरोसात आहेत.

नाशिककडच्या वाचकाला इथे एक गोष्ट खटकेल. आपल्याकडे बाग पंधरा-वीस वर्षांत थकते, मग तोडून नवी लावतात, मग तिकडे पावणेदोनशे वर्षं कशी? याचं मोठं उत्तर थंडीत आहे. आपल्या हवेत वेल खऱ्या अर्थाने झोपतच नाही म्हणून आपण एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळछाटणी अशी वर्षातून दोनदा तिला कामाला लावतो, त्यातून एकरी माल जास्त घ्यायचा असतो, पाणी-खत भरपूर असतं. बरोसात हिवाळ्यात वेल चार महिने नागडी उभी असते, वर्षात एकच छाटणी, एकच पीक, आणि खोडात पिष्टसाठा करायला तिला वेळ मिळतो. आपली वेल कमकुवत असते असं नाही, तिला धावडवतात जास्त.

पाऊस बरोसाच्या तळात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक हिवाळ्यात. उन्हाळा कोरडा, चाळिशी गाठणारा. जुन्या बागा कोरडवाहू. मांडव नाही, इंग्रजी वाय आकाराचा आधार नाही, बऱ्याच ठिकाणी तारसुद्धा नाही, कंबरेएवढी बुटकी झुडपं, खोड पिळवटलेलं, मध्ये पोकळ, एखादा ओलांडा म्हणजे आडवी फांदी मेलेली. माती एकसारखी नाही आणि हे वाइनमध्ये उतरतं. उत्तरेला एबेनेझर, कालिम्ना, ग्रीनॉक या बाजूला तांबडी-तपकिरी माती, खाली चिकणमाती, कुठे लोहखडक, तिथली शिराज घट्ट, काळी, जड. व्हाइन वेलला डोंगराच्या पायथ्याशी खोल वाळू, तिथली ग्रेनाश हलक्या रंगाची आणि वासाला फार गोड. दक्षिणेला लिंडॉककडे थोडं थंड, वाइन मवाळ. ईडन व्हॅली चारशे-पाचशे मीटर उंचीवर, तिथे आंबटपणा टिकतो आणि मिरीचा वास येतो.

आता मुख्य प्रकरणाकडे.

या सगळ्या काळ्या द्राक्षांचं व्हायचं काय तर बहुतेक पोर्ट आणि शेरीसारखी, म्हणजे वरून दारूचा स्पिरिट घातलेली गोड वाइन. 1960 पर्यंत ऑस्ट्रेलियात बनणारी बहुसंख्य वाइन ही अशीच होती, ब्रिटनला जहाजं भरून जायची. ग्रेनाश त्यासाठी सोन्यासारखी, साखर भरपूर, पीक बरं, पाणी नको. (सेपल्ट्सफील्ड वायनरीत 1878 पासून दर वर्षी एक पिंप शंभर वर्षांसाठी बाजूला ठेवतात आणि शंभर वर्षं झाली की विकतात, ती परंपरा याच काळातली. काकवीसारखी दाट असते म्हणतात, मी चाखलेली नाही.) मग लोकांची चव बदलली. युद्धानंतर इटलीहून, ग्रीसहून लोक आले, जेवणाबरोबर साधी वाइन प्यायची पद्धत वाढली, 1965 ला थॉमस अँगोव्हने खोक्यात पिशवीत भरलेल्या वाइनचं पेटंट घेतलं आणि स्वस्त वाइन घराघरात फ्रिजमध्ये गेली. सत्तरच्या दशकात आधी रेडची लाट आली, त्या जोरावर खूप लागवड झाली, आणि त्या वेली फळावर येईपर्यंत लोक व्हाइटकडे वळलेले. आधी रिझलिंग, मग शार्डोने. कांद्याच्या बाबतीत आपण हे दर दोन वर्षांनी बघतो, फक्त कांदा चार महिन्यांत निघतो आणि वेल एकदा लावली की मोकळं होता येत नाही. त्यात 1984 ला केंद्र सरकारने वाइनवर 10 टक्के विक्रीकर बसवला आणि 1986 ला तो 20 केला.

ज्याच्याकडे 1890 ची ग्रेनाश आहे त्याचा हिशोब बघा. जुनी बाग एकरी टन-दोन टन देणार, कधी तेवढंही नाही. मरे नदीकाठी रिव्हरलँडमध्ये पाणी देऊन त्याच्या कितीतरी पट माल निघतो आणि तो मशीनने काढता येतो. जुन्या झुडपांत मशीन जात नाही, सगळं हाताने. कंपनीच्या काट्यावर दोघांच्या ग्रेनाशला जवळपास सारखाच भाव, कारण शेवटी सगळं एकाच टाकीत जाणार. असा भाव असताना आणि तोही घेणारं कोणी नसताना सरकारचा माणूस येतो आणि सांगतो की उपटा, चेक घ्या. मी त्या शेतकऱ्याच्या जागी असतो तर घेतला असता. बऱ्याच जणांनी घेतलाही. त्यांना मूर्ख म्हणणारे लोक आज बरेच आहेत, त्यांनी कधी बँकेचा हप्ता आणि पडलेला भाव एकत्र बघितलेला नसावा.

योजनेची चूक माझ्या मते वेगळीच होती. तिने वेल हेक्टरवर मोजली. दहा वर्षांची शिराज आणि एकशेदहा वर्षांची शिराज यांना एकच दर. शेतकरी अर्थातच सगळ्यात कमी उत्पन्न देणारा तुकडा आधी काढणार, आणि सगळ्यात कमी उत्पन्न देणारा तुकडा कुठला तर सगळ्यात जुना. म्हणजे योजनेत कुठेही लिहिलं नव्हतं की जुन्या वेली मारा, पण तिची रचना अशी होती की कुऱ्हाड आधी तिथेच पडावी. वेलींच्या वयाची नीट नोंद नव्हती, त्यामुळे नेमकं काय गेलं हे सांगणं अवघड.

आणि तरी बरंच वाचलं. त्याचं श्रेय एका माणसाला देणं बरोबर होणार नाही पण सुरुवात एकापासूनच करावी लागते.

पीटर लेहमन, जन्म 1930, अँगस्टनच्या लुथरन पाद्र्याचा मुलगा. 1947 ला यालुंबा कंपनीत उमेदवारी, मग 1959 च्या सुमारास सॉल्ट्रम वायनरीत वाइनमेकर. तिथे तो वर्षानुवर्षं परिसरातल्या शेतकऱ्यांकडून द्राक्षं घ्यायचा आणि व्यवहार सगळा तोंडी, शब्दावर, हस्तांदोलनावर. सत्तरच्या दशकाच्या शेवटी माल जास्त झाला तेव्हा मालक कंपनीने वरून हुकूम काढला की या वर्षी शेतकऱ्यांकडून घेऊ नका. लेहमनचं म्हणणं की मी शब्द दिलाय. त्याने वाट काढली, वेगळी कंपनी उभी करून शेतकऱ्यांची द्राक्षं घ्यायची, वाइन करायची आणि ठोक विकायची, पैसे आले की शेतकऱ्यांना द्यायचे. 1979 ला सॉल्ट्रम दुसऱ्या मालकाकडे गेली, नव्या मालकांना हे चालणार नव्हतं, मग हा माणूस नोकरी सोडून बाहेर पडला, त्याच्याबरोबर कामाची माणसंही पडली आणि 1980 च्या हंगामापर्यंत तनुंदाजवळ नवी वायनरी उभी राहिली. तिचं नाव त्याने मास्टरसन ठेवलं, एका अमेरिकन गोष्टीतल्या जुगाऱ्याच्या नावावरून, आणि बाटलीवर चिन्ह किलवरच्या राणीचं. जुगार आहे हे त्याला पूर्ण माहीत होतं. दोन वर्षांनी कंपनीला त्याचंच नाव मिळालं.

हंगामात तो काट्याशेजारी बसायचा, ट्रॅक्टर-ट्रेलर येतील तसे शेतकऱ्यांशी बोलत, हातात काहीतरी पेय. हे चित्र तिथे सगळ्यांच्या तोंडी आहे, त्यात थोडं तिखटमीठ असेलच. पण व्यवहाराच्या बाजूने बघितलं तर या काट्यावर बसण्याचा अर्थ मोठा होता: कोणाच्या कुठल्या तुकड्यातून कसला माल येतो हे त्याला पाठ झालं होतं. मोठ्या कंपनीच्या खरेदी खात्याला ते कधीच माहीत नसतं, त्यांना टन आणि साखर दिसते.

म्हणजे 1985 ला सरकारी योजना आली तेव्हा बरोसात निदान एक खरेदीदार असा होता जो पाच वर्षं आधीपासून कोणी घेत नसलेली द्राक्षं विकत घेत होता. मागोमाग इतर आले. सेंट हॅलेट वायनरीने 1980 पासून ओल्ड ब्लॉक नावाची शिराज काढायला सुरुवात केलेली, नावात वय आणण्याचं ते लवकरचं उदाहरण. रॉबर्ट ओ'कॅलाहनने रॉकफर्ड वायनरी उभी केली, 1984 ची बास्केट प्रेस शिराज, जुनी एकोणिसाव्या शतकातली यंत्रं, लाकडी-लोखंडी पिंजऱ्याचा दाब, आणि शेतकऱ्यांना सांगणं की जुना तुकडा ठेवा, मी चांगला भाव देतो. चार्ल्स मेल्टनने 1988 पासून ग्रेनाश, शिराज आणि मातारो मिसळून नाइन पोप्स केली, म्हणजे ज्या ग्रेनाशला लोक पोर्टची द्राक्षं म्हणून हिणवत होते तिची गंभीर वाइन. टर्की फ्लॅटच्या शुल्झ कुटुंबाचा मूळ धंदा खाटकाचा, 1847 च्या वेली त्यांच्या जमिनीवर नुसत्या होत्या, द्राक्षं दुसऱ्यांना जायची, 1990 ला त्यांनी स्वतःची वायनरी काढली.

यांच्यातल्या कोणाकडेही भांडवल फार नव्हतं. एकत्र केले तरी बरोसाच्या एकूण मालातला छोटा हिस्सा हे घेत असणार. पण जुनी बाग ठेवायची की काढायची हा निर्णय घेताना शेतकऱ्याला सगळ्या बाजाराची गरज नसते, त्याला त्याच्या चार एकरांसाठी एक माणूस पुरतो जो म्हणेल की पुढच्या वर्षीही घेईन. जिथे असा माणूस होता तिथे वेली राहिल्या, जिथे नव्हता तिथे बऱ्याचदा राहिल्या नाहीत, आणि दोन्ही शेतांच्या मातीत फरक असेलच असं नव्हतं.

मग वाइनमध्ये खरंच काही आहे का? की नुसती गोष्ट विकली जाते?

इथे थोडं थांबायला लागेल कारण याच विषयावर सगळ्यात जास्त थापा मारल्या जातात. नेहमीचं स्पष्टीकरण असं की जुनी वेल कमी घड देते, म्हणून प्रत्येक घडात रस जास्त, म्हणून वाइन दाट. अ‍ॅडलेड विद्यापीठात बरोसाच्या जुन्या-नव्या शिराज वेली शेजारी-शेजारी ठेवून अभ्यास झाला आणि त्यात हे समीकरण इतकं सरळ निघालं नाही, काही ठिकाणी म्हाताऱ्या वेली तरण्यांपेक्षा जास्त माल देत होत्या. जुन्या बागेत एकरी उतारा कमी असतो तो पुष्कळदा वयामुळे नसतो तर मध्ये मध्ये वेली मेलेल्या असतात, युटायपा नावाच्या बुरशीने ओलांडे सुकवलेले असतात आणि पाणी दिलेलं नसतं म्हणून.

मला पटणारा मुद्दा दुसरा आहे, स्थैर्याचा. जाड खोडात आणि मुळांत साठा भरपूर असतो, मुळं खोल गेलेली असतात, त्यामुळे वाईट वर्षी जुनी वेल पटकन गोंधळत नाही. मार्च 2008 ला अ‍ॅडलेडमध्ये सलग 15 दिवस पारा 35 अंशांच्या वर होता, ऐन काढणीत. अशा वेळी तरुण वेल पानं गाळते, मणी सुकतात, साखर एकदम वर जाते आणि चव मागे राहते. खोल मुळांची वेल निदान काही दिवस दम धरते. म्हणून जुन्या बागेचा फायदा बंपर वर्षी फारसा कळत नाही, होरपळलेल्या वर्षी कळतो.

आणि तिसरी गोष्ट, जी जाहिरातीत कोणी सांगत नाही. दीडशे वर्षांत वाईट जागेवरच्या वेली केव्हाच उपटल्या गेल्या. ज्या राहिल्या त्या मुळातच चांगल्या जागेवरच्या असण्याची शक्यता जास्त. म्हणजे चव वयाची आहे की जागेची हे वेगळं करणं फार अवघड आहे. शिवाय त्या काळात नर्सरीतून एकसारखी क्लोनची रोपं यायची नाहीत, शेजाऱ्याकडून काड्या आणून लावायचे, त्यामुळे एका तुकड्यात प्रत्येक वेल थोडी वेगळी, कोणी आठवडाभर आधी पिकते कोणी नंतर, आणि त्या मिसळणीची वाइन एकसुरी लागत नाही.

चवीचं सांगायचं तर बरोसाच्या जुन्या शिराजमध्ये जांभळट-काळ्या फळांचा वास, आलुबुखार, ज्येष्ठमध, डार्क चॉकलेट, कधी सुक्या मांसाचा खारट वास, आणि टॅनिन म्हणजे तुरटपणा असूनही ते तोंड धरत नाही, मऊ असतं. अल्कोहोल 14 ते 15 टक्के सहज. वाळूतल्या जुन्या ग्रेनाशमध्ये रासबेरी, मसाल्याचा वास, रंग इतका फिका की ग्लासातून पलीकडचं दिसतं आणि घोट घेतल्यावर कळतं की हलकी वगैरे अजिबात नाही. माझ्या मते जुन्या वेलीची खूण पहिल्या घोटात नसते, गिळल्यानंतर चव किती वेळ आणि किती शांतपणे राहते त्यात असते. पण डोळे बांधून कोणी मला वय ओळखायला सांगितलं तर मी पैज लावणार नाही.

मध्ये एक काळ असा आला की हीच खूण पुसली जात होती. नव्वदच्या दशकात रॉबर्ट पार्कर या अमेरिकन समीक्षकाने बरोसाच्या दाट शिराजला नव्वदीच्या वर गुण द्यायला सुरुवात केली आणि अमेरिकेत मागणी उसळली. 1994 ला डेव्हिड पॉवेलने टॉरब्रेक वायनरी काढली, पडीक झालेले जुने तुकडे वाट्याने करायला घेतले, आणि त्या वाइन जगभर गेल्या. पैसा आला हे खरं आणि त्या पैशाने कितीतरी बागा वाचल्या हेही खरं. पण गुणांच्या मागे लागून द्राक्षं आणखी पिकवायची, नवीन ओकच्या पिंपात आणखी ठेवायची, अल्कोहोल आणखी वर, असं करत करत काही वाइन अशा झाल्या की वेल दहा वर्षांची आहे की दीडशे हे ओकमुळे येणाऱ्या व्हॅनिलाच्या वासाखाली कळायचा प्रश्नच नाही. 2008 च्या मंदीनंतर अमेरिकेतला तो बाजार बसला. तसं वाईट झालं नाही असं मला वाटतं, त्यानंतर लवकर काढणी, जुनी मोठी पिंपं, कमी ओक असं सुरू झालं आणि ग्रेनाशला तर खरा मान त्यानंतरच मिळाला.

नोंदीचा प्रश्न मात्र आधीच सुटायला लागला होता. 2007 ला यालुंबाने स्वतःच्या बागांसाठी जुन्या वेलींची सनद काढली आणि 2009 ला सगळ्या बरोसाने ती थोडी बदलून उचलली. 35 वर्षं किंवा जास्त असेल तर ओल्ड, 70 पासून पुढे सर्व्हायव्हर, 100 पासून पुढे सेंटेनेरियन, 125 पासून पुढे अँसेस्टर. जगात बहुतेक ठिकाणी बाटलीवर जुनी वेल लिहायला काही नियमच नव्हता, कोणीही काहीही लिहावं, तिथे हे निदान आकड्यात आलं. आंतरराष्ट्रीय द्राक्ष आणि वाइन संघटनेने 2024 ला व्याख्या केली तेव्हा त्यांनीही 35 चाच आकडा धरला.

पण सनदेला कायद्याचं बळ नाही हे लक्षात ठेवायला हवं. 2012 ला राज्याने बरोसाची शेतजमीन तोडून प्लॉट पाडायला आळा घालणारा कायदा केला, शहर सरकत येत होतं म्हणून. तो जमीन वाचवतो, वेल नाही. मालकाला वाटलं तर 1850 ची बाग उद्या काढून तिथे काहीही लावता येईल. लँगमाइल वायनरीवाल्यांना तर एकदा घरं बांधायला जाणाऱ्या जागेवरच्या जुन्या शिराजच्या ओळी मुळासकट उचलून नदीकाठी नेऊन लावाव्या लागल्या, त्या जगल्या, ऑर्फन बँक नावाने त्यांची वाइन निघते.

आपल्याकडच्या वाचकाला या प्रकरणातलं काय घेण्यासारखं आहे असं विचारलं तर मी चवीचं सांगणार नाही, खरेदीचं सांगेन. महाराष्ट्रात 2001 च्या धोरणानंतर वाइन द्राक्षांची लागवड जोरात झाली, 2008 नंतर मागणी पडली, वायनऱ्या माल उचलेनात आणि नाशिक-सांगलीकडे कितीतरी शेतकऱ्यांनी वाइनच्या जाती तोडून परत खायची द्राक्षं लावली. त्यातले काही तुकडे अगदी चांगल्या जागेवर असतील, आता कळायला मार्ग नाही. लेखी करार असूनही माल पडून राहू शकतो आणि तोंडी शब्दावर उचलला जाऊ शकतो, ही लेहमनच्या गोष्टीतली बाजू आपल्या लोकांना समजावून सांगायची गरज नाही.

बाटली हवी असेल तर थोडी सोय झाली आहे. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार 29 डिसेंबर 2022 पासून लागू झाला, त्यात 15 अमेरिकन डॉलरच्या वरच्या आयात किमतीच्या बाटलीवरचं शुल्क 150 वरून 75 टक्क्यांवर आलं आणि दहा वर्षांत 25 पर्यंत उतरणार आहे. 5 डॉलरच्या वरच्यावर 100 आणि पुढे 50. जुन्या वेलींची वाइन बहुतेक वरच्या गटात बसते, म्हणजे सवलत उलट तिलाच जास्त. राज्याचा कर वेगळा, त्यामुळे मुंबईत दुकानात किंमत बघून दचकू नका.

सध्या तिकडे परत तेच चालू आहे. नोव्हेंबर 2020 ला चीनने ऑस्ट्रेलियन वाइनवर तात्पुरतं शुल्क लावलं, मार्च 2021 ला ते 116 ते 218 टक्के असं पक्कं केलं, सगळ्यात मोठं गिऱ्हाईक रातोरात गेलं आणि टाक्या रेड वाइनने भरून राहिल्या. मार्च 2024 ला शुल्क उठलं पण जगभर लोक मुळात वाइन कमी प्यायला लागलेत, त्यामुळे भाव सावरले नाहीत आणि रिव्हरलँडला शिराज उपटणं सुरू आहे, सरकारने मदत द्यावी अशी मागणीही होते. बरोसात भाव त्यापेक्षा बरे असतात आणि सत्तरीच्या वरच्या बागेला आता कोणी सहज हात लावणार नाही, नाव झालंय, यादीत आहे, खरेदीदार ठरलेला आहे.

अडचण मधल्या वयाची आहे. 1987 नंतर जुन्या वेली काढून मोकळ्या झालेल्या रानांत काही ठिकाणी पुन्हा वेलीच लागल्या, आणि 1990 ला लावलेली वेल 2025 ला 35 वर्षांची झाली. सनदेप्रमाणे ती आता ओल्ड आहे. तिच्यावर तार आहे, ठिबक आहे, मशीन चालतं, तिची कुठे गोष्ट छापून आलेली नाही, आणि तिच्या मालकाला यंदा कंपनीकडून भाव काय येतोय याचीच वाट बघायची आहे.